कवितेची जात

कवितेला जात असते. हे माझ्या पदरचं नाही, छंदशास्त्राचं आहे. मराठी पद्याचे तिथं तीन वर्ग केलेत. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल तर ते वृत्त. नुसत्या मात्रा मोजायच्या असतील तर ती जाती. आणि नुसती अक्षरं मोजायची असतील तर तो छंद. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा 'छंदोरचना' हा जाडजूड ग्रंथ याच तीन खांबांवर उभा आहे. अक्षराला त्या शास्त्रात वर्ण म्हणतात. म्हणजे वर्ण आला, जात आली, वरून एक गुरू आणि एक लघूही आला. आपल्यातला एखादा तापट कार्यकर्ता लगेच म्हणेल, बघा भो, हे सगळं मनूच्या कारखान्यातलं, बांधा गाठोडं आणि फेका तापीत.

थांबा जरा. शब्द सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा होत नाही. वर्ण म्हणजे इथं अक्षर, जाती म्हणजे प्रकार. एवढ्यावर आरोपपत्र केलं तर पहिल्याच तारखेला खारीज होईल. आरोपपत्र आहे, पुरावाही आहे, पण तो दुसरीकडे आहे. तो देतो.

आधी हे कशासाठी लिहितोय ते. मी धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. शाळा नववीला सुटली. छंद, अलंकार, रस हे मला कुणी शिकवलं नाही. वाचनालयातून पुस्तकं आणली, पाळी सुटल्यावर वाचली, कळलं नाही ते पुन्हा वाचलं. एका नियतकालिकाकडे कविता पाठवल्या तर त्या शेऱ्यासकट परत आल्या: आशय चांगला, छंद सैल, शब्द ग्राम्य. आशय चांगला म्हणजे काय, तर तुमचं दुःख बरं आहे, फक्त ते आमच्या कपड्यात आणा. दुसरीकडे आपल्याच एका शिबिरात एक शिकलेला दोस्त म्हणाला, दलित कविता म्हणजे मुक्तछंद, यमक जुळवणारा तो भजनी. या दोघांच्या मधे उभं राहून मी हा लेख लिहितोय. दोघांनाही इतिहास ठाऊक नाही असं माझं म्हणणं आहे.

पहिल्यांदा ते आठ गण. पोरं त्याला उगाच घाबरतात. तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर एक तर लघू, नाही तर गुरू. ऱ्हस्व ते लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ ते गुरू, त्याच्या दोन. जोडाक्षराचा दाब मागच्या अक्षरावर पडला तर तेही गुरू. आता तीन जागा आणि प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. संपलं गूढ. शाळेच्या पुस्तकात 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र देतात. ज्या गणाचं रूप हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजा, रूप मिळतं. सूत्र चांगलं आहे, पण सूत्रानं पोट भरत नाही. म्हणून मी आपल्या रोजच्या शब्दांतून आठही गण काढून ठेवलेत. रमाई हा य गण. सावित्री म गण. पाटील त गण. भाकरी र गण. मजूर ज गण. मालक भ गण. शहर न गण. गिरणी स गण. ताडून बघा. मजूर आणि मालक दोघांच्याही वाट्याला एकेकच गुरू आलाय, पण मजुराचा तो मधे दबलेला आणि मालकाचा सगळ्यात पुढं. शहरात एकही गुरू नाही.

पण यात एक खरी अडचण आहे आणि ती पुस्तकात कुणी नीट सांगत नाही. आपण बोलताना 'मजूर' हा शब्द तीन अक्षरी म्हणत नाही. शेवटचा र अर्धाच राहतो. 'हात', 'घर', 'भाकर', सगळ्यांची शेपटी तोंडात गळून पडते. संस्कृतात ती गळत नाही, म्हणून संस्कृतातून आलेली वृत्तं त्या भाषेला चपखल बसतात आणि आपल्या बोलीला ढिली होतात किंवा काचतात. ओवीत आणि अभंगातही ते शेवटचं अक्षर मोजावं लागतं, हे खरं. पण तिथं गळा असतो, तो ते अक्षर ओढून घेतो. शार्दूलविक्रीडित कागदावर वाचताना ते ओढायला कुणी नसतं. तेव्हा 'छंद सैल' हा शेरा पुष्कळदा कवीचा दोष नसतो, दोन भाषांच्या उच्चारातली ती फट असते.

या लघु-गुरूंचा हिशेब आपल्या खानदेशातही मोठ्या मानानं शिकवला गेलाय. चाळीसगावजवळच्या पाटणला यादवांच्या काळात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख 1207 च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, ती 1150 ची, गणिताचं उदाहरणच छंदाचं आहे. सहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंचे प्रकार किती? 64. त्यांत एकच गुरू असलेले 6, दोन असलेले 15, तीन असलेले 20. हे गणित सुंदर आहे, ते ब्राह्मणाचं म्हणून मी नाकारणार नाही. पण पाटणचा शिलालेख नीट बघा. राजाची आणि घराण्याची स्तुती संस्कृत श्लोकांत. शेवटी थोडी मराठी आहे, ती कशासाठी? मठाला बाजारातून, घाण्यातून काय काय द्यायचं त्याच्या नोंदीसाठी. स्तुती श्लोकात, वसुली मराठीत. त्या मठात शिकायला कोण बसलं असेल हे सांगायला शिलालेख लागत नाही.

आता पुरावा. चौदाव्या शतकाच्या सुमाराचा 'प्राकृत पैंगलम्' नावाचा छंदांचा ग्रंथ आहे. त्यात गाहा आणि दोहा या छंदांना सरळ चार वर्ण वाटून दिलेत. ज्या कडव्यात लघू अक्षरं कमी ती ब्राह्मणी. थोडी वाढली की क्षत्रिया. आणखी वाढली की वैश्य. आणि लघूंचा भरणा असलेली उरलीसुरली सगळी शूद्री. म्हणजे दोन ओळींच्या पद्यालाही जन्मदाखला. ज्याच्याकडे जड अक्षरं जास्त तो वरचा, हलकी जास्त तो खालचा. हा शब्दांचा खेळ नाही, वर्णव्यवस्थेचा खेळ आहे. शास्त्रकाराच्या डोक्यात ती इतकी मुरलेली की कान वापरायच्या जागी त्यानं मनुस्मृती वापरली.

त्याच्याही मागं जा. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त नाटकातल्या पात्रांनी कुठली भाषा बोलायची ते ठरवून दिलंय. राजा, ब्राह्मण संस्कृत बोलणार. बायका आणि नोकर प्राकृत बोलणार. आणि त्याही खाली विभाषा. त्यांची यादी आहे: शबरांची, आभीरांची, चांडालांची, द्राविडांची, ओड्रांची. आणि या हीन म्हणून नोंदवल्यात. खानदेशच्या माणसानं ही यादी दोनदा वाचावी. आभीर म्हणजे अहीर. आपल्या अहिराणीला नाव ज्यांच्यावरून पडलं ते हे लोक. आजची अहिराणी म्हणजे तीच आभीरी असं मी म्हणत नाही, दीड-दोन हजार वर्षांत भाषा कुठून कुठं जाते. पण यादीत आभीर आणि चांडाल शेजारी शेजारी बसलेत, एका पंगतीला. आज गावात अहिराणी बोलणारा सवर्ण आपल्याला पंगतीला घेताना का कू करतो, त्याला ही यादी वाचून दाखवायला पाहिजे.

हे आभीर कोण, तर नाशिकच्या पांडवलेण्यात त्यांचा राजा ईश्वरसेन याच्या काळातला, तिसऱ्या शतकातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनं आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तेल्यांच्या आणि दुसऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे पैसा ठेवला, असा. शास्त्रानं हीन ठरवलेल्यांच्या राज्यात संघाला औषध मिळत होतं.

'ग्राम्य' या शेऱ्याचंही मूळ सापडलं. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं 'काव्यप्रकाश' लिहिला. त्यात काव्याचे दोष मोजलेत, त्यातला एक ग्राम्य. ग्राम्य म्हणजे काय? जो शब्द फक्त लोकांच्या तोंडी आहे तो. बस्स. शिवी नको, अश्लील नको, नुसता लोकांच्या तोंडी असणं हाच गुन्हा. माझ्या कवितेवर ज्यानं तो शेरा मारला त्याला मम्मट ठाऊक होता की नव्हता, कोण जाणे. नऊशे वर्षांचा शेरा न वाचताही मारता येतो, रक्तातच असतो.

मग हे शास्त्र टाकायचं का? मी म्हणतो, नाही. हत्यार कुणी घडवलं यापेक्षा ते कुणाच्या हातात आहे हे बघा. एक उदाहरण देतो. शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्यात. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. तो जमत नसेल तर त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. आणि न सांगता जे मनात उमटतं ती व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनानं हीच व्यंजना, म्हणजे ध्वनी, काव्याचा आत्मा ठरवली. लक्षणेचं ठरलेलं उदाहरण आहे: गंगेवर घोष. घोष म्हणजे गवळ्यांची वस्ती, अमरकोशात तर स्पष्ट आभीरांची वस्ती असा अर्थ दिलाय. गंगेच्या धारेवर वस्ती उभी राहू शकत नाही, म्हणून अर्थ घ्यायचा काठावर. आणि थंडावा, पावित्र्य ही व्यंजना. गंमत बघा, शास्त्राला उदाहरण पाहिजे तेव्हा वस्ती आभीरांची चालते. नाटकात बोलायची वेळ आली की त्यांची भाषा हीन.

आता त्याच सळईनं आपलं उदाहरण ठोकू. 'आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे.' अभिधेनं याचा अर्थ उतारावर. लक्षणेनं गावकुसाबाहेर. आणि व्यंजना काय? नदीचं पाणी आमच्याकडे येतं ते गावानं वापरून झाल्यावर. वारा येतो तो गावाची हागणदारी ओलांडून. या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, एकही शिवी नाही. तुम्ही सभेत हे वाक्य बोलता तेव्हा ध्वनी वापरता. नाव ठाऊक असलं तर पुढच्या वेळी जाणून वापराल.

विरोधाभास अलंकार समजून घ्यायचा तर चाळीसगावला चला. 1929 साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर टांगेवाले महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार होईनात. शेवटी तडजोड अशी की टांगा मिळेल, हाकणारा मिळणार नाही. बाबासाहेबांनी पायी जाणं लोकांना कमीपणाचं वाटलं, म्हणून ज्यानं कधी टांगा हाकला नाही असा आपलाच माणूस पुढं बसला. मोरीवर टांगा अडखळला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. मान राखायला गेले आणि जीव धोक्यात आला. हे त्यांनी स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलंय. त्यांनी कविता लिहिली नाही, पण हा प्रसंग सांगताना एकही विशेषण वाढवलेलं नाही. स्वभावोक्ती नावाचा अलंकार आहे, जसं आहे तसं सांगणं. तो सगळ्यात अवघड.

यमकाकडे येतो, कारण भजनी म्हणून हिणवलं ते त्याच्यावरून. संस्कृत काव्यात चरणाच्या शेवटी जुळवणी करायचा नेम नव्हता. यमक हा शब्द तिथं आहे, पण तो तीच अक्षरं वेगळ्या अर्थानं पुन्हा आणण्यासाठी, ओळीत कुठंही. ओळीच्या शेवटी नेमानं जुळणारं यमक आलं ते अपभ्रंश भाषेत. आणि अपभ्रंश कुणाची? सातव्या-आठव्या शतकातला दंडी 'काव्यादर्शा'त सांगतो, आभीर वगैरेंची बोली काव्यात आली की तिला अपभ्रंश म्हणायचं. अपभ्रंश म्हणजे घसरलेली, बिघडलेली. म्हणजे आज शाळेतली पोरं ज्या यमकावर टाळ्या घेतात ते या बिघडलेल्या लोकांचं देणं. याच भाषेत, दोहा छंदात, सरह हा बौद्ध सिद्ध बोलला. तिबेटी परंपरा सांगते की तो ब्राह्मणाच्या घरचा, पण बाण करणाऱ्या खालच्या जातीच्या बाईबरोबर राहिला आणि तिच्याकडून शिकला. वेद, होम, जटा, सगळ्यांची त्यानं दोह्यात टर उडवलीय. त्याचे दोहे हरप्रसाद शास्त्रींनी नेपाळातून आणले आणि 1916 साली छापले. दोन ओळी, शेवटी यमक, आणि त्यात बंड. हा भजनी माणूस नव्हे.

पाली गाथाही मोजून बघा. धम्मपदात 423 गाथा आहेत, बहुतेक आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांच्या. थेरगाथेत सुनीत थेराच्या गाथा आहेत, तो झाडूवाल्याच्या कुळातला. थेरीगाथेत पुण्णिका आहे, ती पाणी भरणारी दासी. हिवाळ्यात नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्यानं पाप धुतलं जात असेल तर मग बेडूक आणि कासवं सरळ स्वर्गात जातील की. अडीच हजार वर्षांपासून आपली माणसं मोजून बोलताहेत.

आठ अक्षरं म्हटल्यावर जळगाव आलंच. पण आधी ओवी. बाराव्या शतकात, 1129 च्या सुमाराला, चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडण कांडताना ओवी म्हणतात. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे त्याच्यानंतर दीडशे-एक वर्षांनी. ओवी ग्रंथात जायच्या आधी मुसळाखाली होती. ज्ञानेश्वरांनी ती तिथून उचलली आणि साडेतीन चरणांची करून तत्त्वज्ञानाला जुंपली. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. मोठं काम केलं, कबूल. पण शाळेत ओवी म्हटलं की ज्ञानेश्वर सांगतात, कांडणारी बाई सांगत नाहीत.

1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा पोरगा तिथं कविता बोलला आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. पोरगा खरंच मोठा कवी होता. त्याच्या श्रावणावरच्या कवितेच्या ओळी आठ, आठ, आठ आणि सहा मात्रांवर चालतात, हरिभगिनी जाती म्हणतात तिला, पावसाळी झऱ्यासारखी उड्या मारत जाते. 1918 साली जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली सापडून तो गेला, 28 वर्षांचाही झाला नव्हता. ते असो. संमेलन भरलं तेव्हा त्याच जळगावात आसोद्याची एक सून होती, 27 वर्षांची, अक्षरओळख नसलेली. बहिणाबाई चौधरी. तिला कोण बोलावणार! 1951 ला ती वारली. मुलानं, सोपानदेवांनी, आणि नातेवाइकानं जे टिपून ठेवलं होतं ते अत्र्यांना दाखवलं आणि 1952 साली पुस्तक आलं. 2018 पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचं नाव आहे.

बहिणाबाई आपल्या वस्तीची नव्हती, शेतकरी लेवा पाटलांच्या घरची होती, तेव्हा तिला उगाच आपली म्हणून मिरवायचं कारण नाही. पण तिची घडण शिकण्यासारखी आहे. तिच्या गाजलेल्या ओव्या आठ अक्षरांच्या चार ओळींच्या आहेत, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. ग्रंथातल्या साडेतीन चरणांशी त्यांचा मेळ नाही. ळ चा य होतो, डोळा नाही, डोया. उपमा सगळ्या हाताखालच्या: चूल, जातं, मोट, पाखराचा खोपा. आठ अक्षरांचा हा साचा धम्मपदातून आला असं मी म्हणणार नाही, तसा धागा दाखवता येत नाही. मला वाटतं आठ अक्षरं म्हणजे काम करणाऱ्या माणसाचा एक श्वास. मी त्याच मापात रात्रपाळीवर एक कडवं बसवलं:

पाळी सुटली रातीची
धागा डोळ्यांत तुटला
माय पुसते दारात
दिवस कुठं फुटला

बोटावर मोजा. 'फुटला' हा शब्द दिवसालाही लागतो आणि नशिबालाही, त्याला श्लेष म्हणतात. तो मी ठरवून घातला नाही, यमक शोधताना हाती आला. यमकाचा हाच फायदा. ते कवीला अशा गल्लीत नेतं जिथं तो एरवी गेला नसता.

अभंगाचं मोठं माप सहा, सहा, सहा, चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक. चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, अख्खं घर या मापात बोललं. परंपरा सांगते की चोखोबाचे अभंग अनंतभट्टानं लिहून घेतले. म्हणजे तोंड आपलं, लेखणी त्याची. मधे काय गळालं, काय घुसलं हे आता कळायला मार्ग नाही, म्हणून चोखोबातली दीनवाणी ओळ वाचून तोंड वाकडं करण्याआधी ही गोष्ट लक्षात ठेवा. आणि कर्ममेळा जरूर वाचा, तो बापासारखा हात जोडत नाही. बाबासाहेबांनी 'मूकनायक'च्या शिरोभागी 1920 साली तुकारामाचा अभंग टाकला, 1927 साली 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरीच्या ओव्या. 1948 चं 'द अनटचेबल्स' त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं. छंदाशी त्यांचं भांडण नव्हतं. मीही त्या मापात हात चालवून बघितला:

सूत माझ्या हाती
कापड कुणाचे
हिशेब उन्हाचे
माझ्याकडे

मापात भाव कसा बदलतो बघा. ओवी घरात बोलते. अभंगाच्या शेवटचा आखूड तुकडा दार लावून घेतल्यासारखा वाजतो. निवाडा द्यायचा असेल तर अभंग बरा.

जलशाबद्दल खरं म्हणजे वेगळा लेख पाहिजे. तमाशाची बांधणी गण, गवळण, बतावणी, वग. सत्यशोधकांनी ती उचलली आणि 1930 नंतर भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तिच्यात आपला दारूगोळा भरला. गणपतीच्या जागी भीमराव आले, गवळणींची छेडछाड गेली, बतावणीत भटजी, सावकार आणि पाटील उभे केले. व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या नावानं निंदा, हा अलंकार शिकायला बतावणीसारखी शाळा नाही. रूप तेच ठेवून पोट बदलायचं ही युक्ती आपल्या म्हाताऱ्यांना साठ पुस्तकं न वाचता साधली होती.

आणि वामनदादा कर्डक. 1922 ते 2004. सिन्नरकडच्या देशवंडीचे. मुंबईत गिरणीत राबले, अक्षरं मोठेपणी शिकले, आणि मग गावोगाव गाणी पेरत फिरले. त्यांचं गाणं तपासलं तर मात्रा काट्यावर तोलल्यासारख्या. ढोलकीवर आठ मात्रांचा ठेका चालू असतो, एक मात्रा वाढली तर ठेक्याबाहेर लोंबते, ऐकणाऱ्या म्हातारीलाही कळतं. सोळा मात्रांची ओळ अशी मोजायची: 'पाळीवरती पाय निघाले'. पा दोन, ळी दोन, व एक, र एक, ती दोन, झाल्या आठ. पाय निघाले, पुन्हा आठ. इतक्या काटेकोर माणसाला आपल्या समीक्षेनं बरीच वर्षं गाणी लिहिणारा म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं. सवर्णांनी ठेवलं त्याचं नवल नाही. आपल्यातल्या शिकलेल्यांनीही ठेवलं. दर 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर माणसं जमतात, 1937 साली बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले तेव्हा तिथं उतरले होते म्हणून. तिथं जाऊन ऐका लोकांच्या तोंडात काय आहे. संग्रहातली कविता नाही, गाणं आहे.

मुक्तछंदाला मी शत्रू मानत नाही. उलट 1972 साली 'गोलपिठा' आला नसता तर माझ्यासारख्याला लिहायचं धाडस झालं नसतं. नामदेव ढसाळांनी कामाठीपुऱ्याची बोली जशीच्या तशी पानावर आणली. मम्मटाच्या ग्राम्य दोषाला इतकं मोठं उत्तर मराठीत दुसरं नाही. पण मुक्तछंद म्हणजे छंदाला सुट्टी नव्हे. मराठीत तो रुळवला कवी अनिलांनी, आणि त्यांनी मापं मोडली ती मापं ठाऊक असलेल्या माणसानं मोडावी तशी. ढसाळांची ओळ मोठ्यानं वाचून बघा. शब्दांची भेंडोळी येतात, एकच रचना पुन्हा पुन्हा आदळते, श्वास संपता संपता ओळ तुटते. ती जागा ठरलेली असते. रिंगफ्रेमवर सुताला पीळ बसतो तो दिसत नाही, पण पीळ नसेल तर ते सूत नाही, नुसता कापूस. आपल्या पोरांच्या पुष्कळ कविता पिंजलेला कापूस असतात. राग खरा, पीळ नाही. सभेत टाळ्या पडतात आणि घरी जाईपर्यंत ओळ आठवत नाही. आजीची ओवी चाळीस वर्षांनी आठवते.

ती आठवते तोवर लिहून घ्यायला पाहिजे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून आहे, जुन्या कागदांचा मोठा ठेवा आहे तिथं. पण ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांचं काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यात 1996 साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात आपल्या बायांनी म्हटलेल्या भीमाच्या ओव्या आहेत. माप जुनंच, विठ्ठलाच्या जागी भीम. खानदेशात आखाजीच्या झोक्यावरची गाणी आहेत, कानबाईची आहेत, डफावरची वही आहे. यात आपल्या वस्तीत काय म्हटलं जायचं ते वेगळं नोंदवायला हवं, कारण गावाचा झोका आणि आपला झोका एका झाडाला नव्हता.

मी सुरुवात केलीय. दोनशे पानी वही घेतली. नियम इतकेच: जसं बोलतात तसंच लिहायचं, य चा ळ करायचा नाही, म्हणणारीला कामाची घाई असेल तर बसवून ठेवायचं नाही, आणि प्रत्येक ओळीखाली अक्षरांचा आकडा टाकायचा. शेजारच्या म्हातारीच्या सात ओव्या झाल्यात. सगळ्या आठाच्या, फक्त तिसरीत एक ओळ नऊची येते. दोन वेळा म्हणवून घेतली, दोन्ही वेळा नऊच. रविवारी पाळी नाही, तेव्हा जुन्या जात्यावर हात ठेवून म्हणायला सांगणार आहे.